‘संगीत : अमुक’ असं कधी लिहावं? (‘द स्मिथ्स’च्या निमित्ताने)

प्रश्न : मँचेस्टरच्या ‘द स्मिथ्स’ या बँडवर (१९८२ ते १९८७) मराठीत लेख लिहिते आहे. त्यांच्या बहुतेक गाण्यांवर ‘मॉरिसी / मार’ अशी (गायक आणि गिटारवादक यांची) जोडनावं असतात. ‘गीत : मॉरिसी, संगीत : जॉनी मार, साथसंगत : अँडी रूर्क (बास गिटार) आणि माइक जॉइस (ड्रम्स)’ असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर : ‘गीत’ ठीक आहे, खरी अडचण ‘संगीत’पाशी येते. ‘गीत : गदिमा, संगीत : सुधीर फडके’ असं वाचलं की चाल बाबूजींची हे आपण धरूनच चालतो. संगीतकार म्हणजे चाल लावणारा. शब्द आधी असोत किंवा मीटरवर मागाहून लिहिलेले असोत, गळ्यातून येणारी सुरावट त्याचीच.

स्मिथ्सचं काम उलट चालायचं. मार गिटारवर अख्खं गाणं बांधायचा : कॉर्ड्स, सुरुवातीचा पीस, मधली वळणं, शेवट. ते कॅसेटवर मॉरिसीकडे जायचं आणि त्यावर काय गायचं, कुठे सुरू करायचं, कोणता शब्द लांबवायचा हे मॉरिसी ठरवायचा. म्हणजे आपल्या अर्थाने चाल मॉरिसीची! नुसतं ‘संगीत : मार’ छापलंत तर वाचक जी ओळ गुणगुणतो तीही मारच्या खात्यावर जमा होईल. मॉरिसी बँडमध्ये गिटार किंवा कीबोर्ड घेऊन उभा राहत नसे, म्हणून त्याला नुसता शब्दांचा माणूस समजतात. ते मला अजिबात पटत नाही.

दुसरं मत : मग मारला ‘संगीत संयोजक’ म्हणा की.

उत्तर : तेही नको. संयोजकाचं काम चाल तयार झाल्यावर सुरू होतं, मारचं तर सगळ्यात आधी. त्याने संयोजनही केलं, हे खरं. ‘देअर इज अ लाइट दॅट नेव्हर गोज आउट’मधली (१९८६) व्हायोलिनं ऐका. तिथे वादकांचा ताफा नाहीच, मारने ती इम्युलेटर या कीबोर्डवर वाजवली आणि अल्बमवर एका काल्पनिक वाद्यवृंदाचं नाव छापलं. त्या गाण्यापुरता ‘संयोजन’ शब्द चपखल बसतो. एरवी मी ‘संगीतरचना : मार’ आणि ‘शब्द व चाल : मॉरिसी’ असं लिहीन.

आणखी एक. स्टुडिओत स्मिथ्सची गाणी ध्वनिमुद्रित करून घेणाऱ्या जॉन पोर्टर यांना ‘निर्माता’ लिहू नका. आपल्याकडे निर्माता म्हणजे पैसे घालणारा. ‘हाऊ सून इज नाऊ?’मधला (१९८४) तो थरथरता गिटार आठवा. मारचं वादन चार फेंडर ट्विन रिव्हर्ब अँप्लिफायरमधून सोडलं होतं. दोन मारने सांभाळले, दोन पोर्टरनी. थरथर तालाच्या पुढेमागे गेली की टेप थांबवायची, मागे घ्यायची आणि पुन्हा थोडं ध्वनिमुद्रण करायचं. इतकं हाताने काम करणाऱ्याला सरळ ‘प्रोड्यूसर’ म्हणावं, तो शब्द आता मराठीत रुळला आहे.

प्रश्न : आणि ‘साथसंगत’?

उत्तर : रूर्कसाठी तो शब्द मला खटकतो. ‘धिस चार्मिंग मॅन’ (१९८३) फक्त बासकडे कान लावून ऐका. तो मारच्या गिटारखाली नुसता पाया धरून बसलेला नाही, त्याची स्वतःची नाचरी, गुणगुणता येईल अशी सुरावट चालू आहे. ‘बार्बरिझम बिगिन्स अॅट होम’ (१९८५) तर त्याच्या फंक (तालप्रधान नृत्यसंगीत) वळणाच्या बासवरच उभं आहे. मार आणि तो शाळेपासूनचे मित्र, स्मिथ्सच्या आधी दोघांनी मिळून फंक वाजवलेलं. ‘साथ’ म्हटलं की मुख्य कलाकार दुसराच असतो. ‘बास गिटार : रूर्क’ पुरे.

तिसरं मत : हा वाद कोर्टातही गेला होता ना?

उत्तर : गेला होता, पण वेगळ्या मुद्द्यावर. मॉरिसी आणि मार कमाईतले प्रत्येकी ४० टक्के घेत, रूर्क आणि जॉइसला १०-१० टक्के. रूर्कने आधीच तडजोड केली. जॉइस लढला आणि १९९६ मध्ये न्यायालयाने त्याला २५ टक्क्यांचा हक्क दिला, तो बरोबरीचा भागीदार म्हणून. हे पैसे ध्वनिमुद्रण आणि कार्यक्रमांचे. गीतलेखनाचं मानधन मॉरिसी-मारकडेच राहिलं. तेव्हा ‘जॉइस गाण्यांचा सहरचनाकार ठरला’ असं कुठे वाचलंत तर लेखात घेऊ नका. ‘भागीदार’ लिहा, ‘साथीदार’ही नको.