नाताळ फेरी एकत्र, मग दफनभूमी वेगळी का?

नगरी_पोरगा:
आमच्या तालुक्याच्या गावी चार ख्रिस्ती मंडळ्या: सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथॉडिस्ट, कॅथलिक, पेंटेकॉस्टल. नाताळ फेरी एकत्र निघते, चौकात ना. वा. टिळकांची भजनं होतात. पण गेल्या महिन्यात एका पेंटेकॉस्टल घरातली आजी वारली, तर पोरगा जागा मागत दोन ठिकाणी फिरला. "आमच्या रजिस्टरात नाव नाही." पाळक आणि फादरांनी एकत्र बसून दफनभूमी सगळ्यांना खुली करावी, एवढंच म्हणतो. ऐक्याची प्रवचनं १८ ते २५ जानेवारीच्या प्रार्थना सप्ताहात ऐकतोच की.

जुना_पंच:
जागा संपत आलीय. कुंपण आमच्या सीएनआयच्या वर्गणीतून झालं. पेंटेकॉस्टलांनी वर्षभर माइकवरून 'त्यांच्यात तारण नाही' म्हणायचं आणि मयताच्या दिवशी आमच्या दारात यायचं? दुसरं, सामायिक म्हटलं की मालकीचा घोळ आलाच. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस मिळून सीएनआय झाली. त्या सहांतल्या ब्रदरन चर्चच्या गुजरातेतल्या मालमत्तेचा वाद त्यानंतर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०१३ मध्ये निकाल सीएनआयच्या विरोधात लागला. नुसत्या ठरावाने ट्रस्टची जमीन हलत नाही.

नगरी_पोरगा:
विलीन व्हा कोण म्हणतंय? अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट १९७० ला त्या विलीनीकरणातून ऐनवेळी बाहेर राहिले. म्हणून त्यांच्याशी सोयरिकी थांबल्या का? मालकी तुमचीच राहू द्या, फक्त फाटक उघडा.

वसईची_सून:
माहेर सीएनआय, सासर कॅथलिक. माझा बाप्तिस्मा फादरांनी मानला, पुन्हा दिला नाही. पण मिस्सात कम्युनियनची (प्रभुभोजनाची) रांग लागली की मी बाकावरच. बारा वर्षं झाली. त्यांचा नियम आहे, भांडत नाही. पण दर रविवारी टोचतं. रांगेचा निर्णय गावात होणार नाही. दफनभूमीचा होऊ शकतो, मग तो तरी करा.

तंबूतला_भाऊ:
पंचकाका, माइकचं बोलणं लागलं, कारण खरं आहे. आमचे पास्टर बाळपणीचा बाप्तिस्मा मानत नाहीत. तुमच्या सीएनआयमध्ये मात्र बाळाचा आणि मोठ्यांचा, दोन्ही चालतात. आम्ही तेवढं मोठं मन दाखवलेलं नाही. तरी आजीने त्या माइकवर कधी तोंड उघडलं नव्हतं हो.

जुना_पंच:
आजींना मी ओळखत होतो. लेखी अर्ज आणा, पंचकमिटीपुढे मांडतो. कुंपणाच्या खर्चाचं मात्र आधी ठरवून या.