घरच्या नॅसवर फाइल संथ जातात: आधी केबल तपासावी की डिस्क?

धागाकर्ता, मंगळवार पेठ:
घरच्या नॅसवर, म्हणजे घरातल्या नेटवर्कला जोडलेल्या फाइल साठवण्याच्या यंत्रावर, फाइल संथ जाऊ लागल्या की दुकानदारापासून मित्रांपर्यंत सगळे नवे यंत्र किंवा महागडा राउटर घ्यायला सांगतात. हा सल्ला बहुतेक घरांत चुकीचा ठरतो, असे माझे ठाम मत आहे. आम्ही लग्नसमारंभांचे छायाचित्रण करतो आणि एका लग्नाचे सुमारे २५० जीबी चित्रण वरच्या मजल्यावरील नॅसवर पाठवायला आम्हाला सहा तासांहून अधिक वेळ लागत असे. वेग सेकंदाला ११ एमबीवर अडकला होता, आणि निदान त्या आकड्यातच होते. आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी, म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीची मर्यादा सेकंदाला साडेबारा एमबी असते आणि प्रत्यक्षात हाती साधारण अकराच येतात. १०० मेगाबिटला केबलमधल्या तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला (१००० मेगाबिटला) मात्र चारही लागतात. त्यामुळे एखादी तार कनेक्टरमध्ये नीट बसली नसेल तर दोन्ही उपकरणे कसलीही सूचना न देता खालच्या वेगावर जुळवून घेतात. केबलची दोन्ही टोके नव्याने क्रिम्प करून (कनेक्टर दाबून बसवून) घेतल्यावर वेग ११० एमबीपर्यंत गेला आणि तेवढेच चित्रण आता पाऊण तासाच्या आत पोहोचते.

प्रतिसाद, शाहूपुरी:
तुमचे निदान तुमच्यापुरते बरोबर आहे, पण त्यावरून सर्वांना केबलच्या मागे लावणे मला मान्य नाही. माझ्याकडे वेग ११० एमबीनेच सुरू होतो, काही वेळ टिकतो आणि मग २० ते ३० पर्यंत कोसळतो. केबल सदोष असती तर तो आरंभीही एवढा मिळाला नसता. माझ्या डिस्क एसएमआर प्रकारच्या निघाल्या. कौलारू छपरावर एका कौलाची कड दुसऱ्यावर चढवतात, तसे या डिस्कवर माहितीचे पट्टे एकमेकांवर अंशतः चढवलेले असतात. त्यामुळे जुना पट्टा बदलायचा झाला की शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. डिस्क आधी सगळे एका राखीव भागात घेते आणि तो भरला की तिची दमछाक सुरू होते. छोट्या फाइल पाठवताना हा दोष कळतही नाही. म्हणून डिस्क विकत घेतानाच ती सीएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेली, आहे ना, हे विचारून घ्यावे.

धागाकर्ता:
डिस्कचा दोष मी नाकारत नाही. माझा आग्रह क्रमाचा आहे. आयपर्फ नावाचे मोफत साधन संगणक आणि नॅस या दोहोंवर चालवले की डिस्कला हात न लावता केवळ नेटवर्कचा वेग कळतो. तो ९०० मेगाबिटच्या वर आला तर केबल, स्विच (नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणारी पेटी) आणि पोर्ट (केबल खोचायची जागा) निर्दोष समजावेत आणि मगच डिस्ककडे वळावे. वायफायवरून मोजून मात्र काहीच ठरवू नये, कारण तिथे वेग भिंतींवर आणि शेजाऱ्यांच्या राउटरवरही अवलंबून असतो. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. हजारो लहान फाइल पाठवताना प्रत्येक फाइल उघडणे, तिची नोंद करणे आणि ती बंद करणे यांतच वेळ जातो, म्हणून चाचणी नेहमी एकाच मोठ्या फाइलने करावी.

प्रतिसाद, शुक्रवार पेठ:
मला हा सगळा खटाटोपच अनावश्यक वाटतो. २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यावरचा संगणक पाण्यात गेला आणि वरच्या मजल्यावरच्या प्रतीमुळेच मुलांचे बालपणीचे फोटो वाचले. ती प्रत ११ एमबीने झाली की ११० ने, याने काय फरक पडतो? रात्री काम लावावे आणि झोपावे.

धागाकर्ता:
प्रत वाचली याचा मला मनापासून आनंद आहे, पण फरक पडतो, आणि तो इथेच पडतो. सहा तास लागणारे काम माणूस उद्यावर टाकतो. लग्नसराईत आमचे तीन कार्यक्रम असेच राहिले होते आणि कॅमेऱ्यातली कार्डे पुसण्याची वेळ आली, तेव्हाही त्यांची दुसरी प्रत झालेली नव्हती.

प्रतिसाद, शाहूपुरी:
एवढे मात्र पटले. रविवारी आयपर्फने नेटवर्कचा आणि एक मोठी फाइल पाठवून डिस्कचा असे दोन्ही आकडे इथे देतो, आणि माझ्याकडे केबलही सदोष निघाली तर तेही लिहीन.