फिश स्पा: पाय बुडवावेत की नाही?

गोदाकाठ
नाशिकचा कॉलेज रोड असो की गंगापूर रोडवरचं प्रदर्शन, पायाची मेलेली कातडी खाणाऱ्या माशांच्या टाकीत पाय सोडून बसायचं फॅड काही कमी होत नाही. माझ्या मते हे बंदच व्हायला हवं. पेडिक्युअरची हत्यारं निर्जंतुक करता येतात, नाहीतर फेकता येतात. माशाचं काय करणार? एकाच्या टाचेवरून उठून तो दुसऱ्याच्या टाचेला लागतो. पाण्यात जंतुनाशक टाकावं तर आधी मासेच मरतात. अमेरिकेत दहाहून जास्त राज्यांत बंदी आहे ती याच कारणाने. 2011 मध्ये इंडोनेशियातून ब्रिटनमध्ये आलेल्या गारा रुफांच्या (फिश स्पातले मूळ मासे) तपासणीत स्ट्रेप्टोकोकस, एरोमोनास, व्हिब्रिओ असे जंतू सापडले, आणि त्यातल्या बऱ्याच जंतूंवर अनेक अँटिबायोटिक्स चालत नव्हती.

मत्स्यपेटी
अर्धंच सांगितलंत. त्याच वर्षी ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने संसर्गाचा धोका 'फार कमी, पण शून्य नाही' असं म्हटलं आणि बंदी न घालता नियम सुचवले. मधुमेह, कमजोर प्रतिकारशक्ती, पायावर जखम किंवा चिरा असलेल्यांनी टाकीपासून लांबच राहावं, हे मलाही मान्य.

खरी गडबड माशातच असते. गारा रुफाच्या जबड्यात दात नसतात. तो महाग, म्हणून 'डॉक्टर फिश' सांगून चिलापीची (तिलापिया माशाची) पिल्लं सोडतात. मोठी झाली की त्यांना दात येतात आणि रक्तही काढतात. ओळखायला सोपं आहे: गाराचं तोंड खालच्या बाजूला आणि त्याला मिशांच्या दोन जोड्या. चिलापीचं तोंड समोर, मिशा नाहीत, पाठीवर लांबलचक काटेरी पर. पाय घालण्याआधी काचेतून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

टाचफुटी
सोरायसिसवर (कातडीचे पापुद्रे निघण्याचा आजार) उपयोग होतो म्हणतात, ते?

गोदाकाठ
तुर्कस्तानातल्या कांगलच्या गरम झऱ्यांवरून ती ख्याती आली. 2006 मध्ये 67 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फरक दिसला खरा, पण तीन आठवडे रोज माशांच्या टबात बसवून सोबत अतिनील किरणंही दिली होती. मॉलमधल्या 20 मिनिटांशी त्याचा काय संबंध?

मत्स्यपेटी
इथे सहमत. उपचार म्हणून विकणं चूकच.

आता टाकीचं. 300 लिटरची टाकी, तासाला 1200 लिटर फिरवणारा पंप, जैविक फिल्टर (माशांची घाण पचवणाऱ्या जिवाणूंचा) आणि त्यापुढे जंतू मारणारा यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा. माशांच्या घाणीतून होणारे अमोनिया आणि नायट्राइट हे विषारी पदार्थ शून्य हवेत. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन थायोसल्फेटने मारल्याशिवाय ते टाकीत घालू नये. नाशिकचा पारा डिसेंबर-जानेवारीत 10 अंशांखाली जातो, म्हणून लिटरमागे साधारण एक वॅटचा हीटर, आणि लाइट गेल्यावर हवेच्या पंपासाठी बॅटरी. यूव्हीचा दिवा वर्षभराने निळा दिसत राहतो, पण जोर संपलेला असतो. इथेच बहुतेक जण फसतात. गिऱ्हाइकाने आधी साबणाने पाय धुऊन साबण नीट काढून टाकावा, क्रीम नको, आणि त्याच दिवशी वॅक्स किंवा रेझर केलं असेल तर आत येऊच देऊ नये.

गोदाकाठ
तुमच्याच आकड्यांवर हिशोब करू. 300 लिटर एकदा फिरायला 15 मिनिटं. पण गाळलेलं पाणी परत त्याच टाकीत मिसळतं, म्हणून एका फेरीत जेमतेम 63 टक्के पाणी दिव्यासमोरून जातं. 95 टक्क्यांसाठी तीन फेऱ्या, म्हणजे 45 मिनिटं. पुढचं गिऱ्हाईक तर पाच मिनिटांत बसवतात! शिवाय माशाच्या अंगावरच्या आणि पाइपातल्या बुळबुळीत थरापर्यंत दिवा पोहोचत नाही, ते वेगळंच.

शेवाळ
मासे उपाशी ठेवतात त्याबद्दल कुणी बोलेल का? मेलेल्या कातडीवर पोट भरत नाही. झऱ्यात पर्याय नसतो म्हणून ते कातडी खातात. त्याच जातकुळीतला गारा मुल्या आपल्या गोदावरीत दगडांवरचं शेवाळ खरवडून जगतो. टाकीत रोज खाणं दिलं तर मासे पायाकडे फिरकत नाहीत, म्हणून मालक ते बंद करतात.

मत्स्यपेटी
खाणं धंदा संपल्यावर रात्री द्यायचं, सकाळपर्यंत भूक लागते. आणि 45 मिनिटांवर उपाय आहे: टाक्या आळीपाळीने वापरा. 20 मिनिटं पाय, 45 मिनिटं विश्रांती. तीन टाक्या असतील तर दर 22 मिनिटांनी एक गिऱ्हाईक बसतं.

गोदाकाठ
बसतं ना. पण तिप्पट मासे, तिप्पट हीटर आणि तिप्पट दिवे असलेलं दुकान गंगापूर रोडच्या भाड्यात कोण चालवतो, ते सांगा.