दारं-खिडक्यांना ऑइल पेंट की बिनवासाचा? घरात बाळ आहे

निवांत:
नमस्कार मंडळी. भिंती उरकल्या, आता दारं, चौकटी आणि खिडक्यांचे ग्रील राहिलेत. पेंटर म्हणतो ऑइल पेंटच मारा, ती चमक पाण्याच्या रंगाला कुठली येणार. पण घरात आठ महिन्यांचं बाळ आणि आईला दमा, मागच्या वेळी ऑइल पेंट मारला तेव्हा आठवडाभर वास हटला नव्हता, शेवटी आईला मावशीकडे पाठवावं लागलं. दुकानदाराने ‘लो ओडर’ लिहिलेला डबा दाखवला, म्हणे वास नाही म्हणजे त्रास नाही. खरं आहे का हे? रंग पांढरा हवाय आणि तो पिवळा पडला की माझं डोकं फिरतं. दोन्ही वापरलेल्यांनी सांगा प्लीज.

ब्रशबहाद्दर:
अरे तो डबा फिरवून मागचं वाच आधी. ब्रश कशाने धुवायचा लिहिलंय, पाण्याने की टर्पेंटाइनने? टर्पेंटाइन असेल तर तो ऑइल पेंटच, फक्त त्यात कमी वासाचं टर्पेंटाइन घातलेलं असतं, म्हणजे नाकाला कळत नाही पण हवेत उडायचं ते उडतंच. उलट वास नसला की खिडकी उघडायचं पण कोणाच्या लक्षात राहत नाही. बघायचा तो व्हीओसीचा, म्हणजे रंगातून हवेत उडणाऱ्या रसायनांचा आकडा, एका लिटरमागे किती ग्रॅम. युरोपात 2010 पासून घरातल्या दारं-चौकटींच्या रंगांना कमाल मर्यादा आहे, टर्पेंटाइनवाल्याला 300 आणि पाण्याच्याला 130, यावरून अंदाज घे. पाण्याचा म्हणजे शून्य असं पण नाही हां. तुझ्या घरी दमा आणि तान्हं बाळ दोन्ही आहे म्हटल्यावर मी पाण्याचाच घेईन आणि तरी त्या खोलीत काही दिवस दोघांना झोपवणार नाही.

खिडकीवाली:
पिवळेपणाबद्दल मी सांगते. आमच्या पांढऱ्या दाराला ऑइल पेंट होता आणि दारामागे कॅलेंडर टांगलेलं असायचं, दोन वर्षांनी ते काढलं तर बरोबर कॅलेंडरच्या मापाचा पिवळा चौकोन! जिथे उजेड पोचत नाही तिथे ऑइल पेंट पिवळा पडतो, कपाटाच्या आतल्या बाजूला तर हमखास. उजेडात ठेवलं की थोडा परत उजळतो, पण कपाट काय उघडं ठेवणार का? पाण्याचा ॲक्रिलिक पांढरा मात्र पांढराच राहतो.

पण त्याची पण एक खोड आहे. दोन तासांत हाताला सुकला म्हणून मी संध्याकाळी खिडक्या मिटून टाकल्या, सकाळी उघडायला गेले तर चर्र आवाज आणि कडेचा रंग रबराच्या पट्टीसारखा सोलून चौकटीला चिकटलेला, तो पण थेट लाकडापर्यंत. रडायचीच बाकी होते. वरून सुकला तरी आतून कडक व्हायला त्याला दोन-तीन आठवडे लागतात, तोपर्यंत खिडक्या मिटताना कडांना टाल्कम पावडर चोळा, आणि शक्य असेल तर पहिले काही दिवस पूर्ण बंदच करू नका. दमट हवा असेल तर अजून वेळ धरा.

दोन_हात:
सगळे रंगावर बोलतायत पण खाली काय आहे ते कोणी विचारलंच नाही. जुन्या गुळगुळीत ऑइल पेंटवर पाण्याचा थेट मारलात तर महिन्याभराने नखाने खरवडून निघतो, मी स्वतः हा पराक्रम केलाय. आधी फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन जुना रंग चोळा, मऊ होऊन फडक्याला लागला तर पाण्याचा, तसाच राहिला तर ऑइलचा. ऑइलचा निघाला तर तेलकट डाग धुवून, पॉलिश पेपरने चमक मरेपर्यंत घासून, मग चांगला धरून ठेवणारा प्रायमर. घर फार जुनं असेल तर खालच्या थरांत शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासू नका, पाणी लावून घासा, आणि बाळाला त्या दिवशी घराबाहेरच ठेवा. खरं तर रंगाच्या वासापेक्षा मला ही धूळ जास्त डेंजर वाटते.

ग्रीलच्या उघड्या लोखंडावर पाण्याचा रंग थेट लावला तर सुकता सुकताच तांबूस गंज वर येतो, गंजरोधक प्रायमर लागणारच. माझं मत विचाराल तर ग्रीलना ऑइल पेंट ठीक आहे, काढता येत असतील तर काढून बाहेर नेऊन मारा. चमकीच्या बाबतीत पेंटर खोटं बोलत नाहीये, ऑइल पेंट हळू सुकतो म्हणून ब्रशच्या रेघा आपोआप बसतात आणि आरशासारखा येतो. पण दाराला आरसा कशाला हवा, सॅटिन म्हणजे मंद चमकीचा घ्या, खड्डे-पोपडे पण लपतात.

निवांत:
वा, धन्यवाद सगळ्यांना. डबा बघितला, मागे टर्पेंटाइनच लिहिलंय! परत करतोय. स्पिरिटने चोळून पण बघितलं, फडकं पांढरंच राहिलं, म्हणजे खाली ऑइल. आता ठरवलंय, दारं-खिडक्या पाण्याच्या सॅटिनने आणि ग्रील काढून गच्चीवर ऑइल पेंटने. पेंटरला सांगितलं तर तोंड वाकडं केलं त्याने, म्हणे पाण्याच्या रंगात रेघा दिसतात.

ब्रशबहाद्दर:
दिसतातच, जुना केसाचा ब्रश वापरला तर. ते केस पाणी पिऊन फुगतात. नायलॉनचा घ्यायला लाव, आधी पाण्यात बुडवून झटकायचा, भरपूर रंग घेऊन एकदा सरळ ओढायचा आणि परत मागे फिरायचं नाही, सुकायला लागलेल्यावर हात फिरवला की रेघ उमटलीच. दुसरा हात चार-सहा तासांनी. आणि हो, गच्चीवरची ऑइल पेंटची फडकी चुरगाळून पिशवीत कोंबू नकोस, सुकताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात, एकेक पसरून वाळव.