कीकॅडमध्ये पॉवर प्लेन कसा करायचा? (४ लेयर, सॉफ्टवेअर फुकटातलंच हवं)

नवशिका_रूट: नमस्कार मंडळी. कीकॅड या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यांदाच चार लेयरचा सर्किट बोर्ड करतोय. एक मायक्रोकंट्रोलर, बाहेरून ५ व्होल्ट, बकमधून (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) ३.३ आणि एक छोटा मोटर ड्रायव्हर. बोर्ड सेटअपमध्ये आतल्या दोन्ही लेयरना 'पॉवर प्लेन' (वीज पुरवणारा तांब्याचा सलग थर) प्रकार दिला, तरी लेयर रिकामेच. शिवाय ५ आणि ३.३ एकाच लेयरवर वाटून दिले तर चालेल का? सॉफ्टवेअरवर खर्च शून्य आणि लेयर चारच, हे आधीच सांगून ठेवतो.

कॉपरकाका: विकतचं अल्टियम सॉफ्टवेअर घ्या आणि मोकळे व्हा. इंटरनल प्लेन मुळातच सगळा तांब्याचा असतो, रेघ माराल तिथलं तांबं जातं. तुकडा बंद करायचा, डबल क्लिक, नेट (एकमेकांना जोडायच्या पिनांचा गट) द्यायचं, संपलं. आम्ही ऑफिसात दुसरं काही उघडतच नाही.

झिरोओहम: काका, खर्च शून्य म्हणालेत ते. आणि तसा निगेटिव्ह प्लेन कीकॅडमध्ये नाहीच. रूट, तो 'पॉवर प्लेन' प्रकार म्हणजे नुसती पाटी आहे, त्याने तांबं भरत नाही. आतला लेयर निवडा, फिल्ड झोन (तांबं भरायचा भाग) घ्या, नेट जीएनडी (ग्राउंड), बोर्डच्या कडेने आउटलाइन काढा आणि झोन भरायला कीबोर्डवरचं बी दाबा.

सहालेयरवाला: चारमध्ये कशाला जीव अडकवता? सहा घ्या. माझा मागचा बोर्ड सहाचा होता, पहिल्या फटक्यात चालला.

ईगलप्रेमी: ऑटोडेस्क कंपनीच्या ईगलमध्ये पॉलिगॉनला नेटचं नाव द्यायचं, रॅट्सनेस्ट मारायचं, भरलं! पण जून २०२६ नंतर ते मिळणार नाही हे ऑटोडेस्कने २०२३मध्येच सांगून टाकलं. इतक्या वर्षांची लायब्ररी घेऊन आता कुठे जायचं?

नवशिका_रूट: झोन भरला, आभार! पण रॅट्सनेस्टच्या (अजून न जोडलेल्या पिनांमधल्या) रेघा अजून तशाच दिसतायत.

फ्लक्स_धूर: बी दाबा. झोन भरलेला नसेल.

झिरोओहम: भरलाय म्हणतायत ना ते. एसएमडी (बोर्डच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या पार्टचे) पॅड वरच्या लेयरवर, प्लेन आत. मध्ये व्हाया (लेयर जोडणारं भोक) नको का? प्रत्येक जीएनडी पॅडजवळ एक द्या. १०० नॅनोफॅरॅडच्या कपॅसिटरचे व्हाया तर अगदी पॅडला खेटून.

अ‍ॅनालॉगराव: ग्राउंड दोन करा, अ‍ॅनालॉग वेगळा आणि डिजिटल वेगळा. मी कायम तसंच करतो.

झिरोओहम: राव, वेगवान सिग्नलचा परतीचा करंट ट्रेसच्या (तांब्याच्या रेघेच्या) बरोबर खालून जातो. मध्ये फट आली की तो वळसा घालतो आणि नॉइज वाढतो. मोटर ड्रायव्हर एका कोपऱ्यात ठेवा, ग्राउंड अखंडच राहू द्या.

अ‍ॅनालॉगराव: माझ्या एडीसीला (अ‍ॅनालॉग सिग्नल डिजिटल करणारा भाग) कधी त्रास झाला नाही, एवढं सांगतो.

मुकी_मल्टिमीटर: फट म्हणाल तर नकळतही पडते. कीकॅडच्या झोनचा क्लिअरन्स (इतर तांब्यापासून सोडायचं अंतर) डीफॉल्टला ०.५ मिमी असतो. २.५४ मिमी पिचच्या (दोन पिनांमधलं अंतर) हेडरचे पॅड १.७ मिमीचे धरले, तर दोन पॅडमध्ये उरतात ०.८४ मिमी. दोन्ही बाजूंनी ०.५ सोडल्यावर तिथे तांबं मावतच नाही, म्हणजे हेडरभर लांब खाच. क्लिअरन्स ०.२ करा, ०.४४ मिमीची पट्टी राहते. फॅबची (बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याची) मर्यादा तेवढी बघून घ्या. व्हाया एका रांगेत खेटून ठेवले तरी हेच होतं. आणि ड्रायव्हरच्या पोटाखालच्या पॅडला सॉलिड कनेक्शन द्या, उष्णता जायला हवी. हेडरच्या पिनांना मात्र थर्मल रिलीफ (बारीक पट्ट्यांनी जोडणी), नाहीतर सोल्डर धरणार नाही.

कॉपरकाका: हे सगळं अल्टियमच्या रूल्समध्ये एकदा भरून ठेवलं की पुन्हा बघावं लागत नाही.

झिरोओहम: रूट, माझं ऐकाल तर आतले दोन्ही लेयर जीएनडी. ५ आणि ३.३ वरच्या लेयरवर रुंद झोनने फिरवा.

सहालेयरवाला: किंवा सहा लेयर.

नवशिका_रूट: सगळ्यांचे आभार. दुसरा लेयर अखंड जीएनडी, क्लिअरन्स ०.२ केला, हेडरखाली आता तांबं दिसतंय. तिसऱ्यावर मात्र वाटणीच ठेवतोय. पूर्ण लेयरभर ३.३चा झोन, त्यावर ड्रायव्हरपर्यंत ५चा तुकडा, त्याची प्रायॉरिटी जास्त. वरती दोन्ही व्होल्टेज फिरवायला जागाच उरली नाही.

झिरोओहम: मग खालच्या लेयरवरचा एकही वेगवान ट्रेस त्या सीमेवरून नेऊ नका.

नवशिका_रूट: खाली फक्त एलईडी आणि बटणं आहेत. उद्या गर्बर (कारखान्याला द्यायच्या फाइली) काढतो.

फ्लक्स_धूर: त्याआधी बी दाबा.