2011ची ट्रॅव्हलर कॅम्पर: 4 लाख घालून ठेवू की काढून दुसरी घेऊ?

फोंड्याची_वाटसरू

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली कारण घरात दिवाळीपासून हाच विषय चाललाय आणि काही केल्या ठरत नाहीये.

गाडी फोर्सची ट्रॅव्हलर, 2011ची. बेळगावात एकांनी कॅम्पर करून घेतली होती, 2016 मध्ये आम्ही त्यांच्याकडून घेतली, एनओसी आणून गोवा पासिंग केलं. आरसीवर कॅम्पर व्हॅन, प्रायव्हेट अशी नोंद आहे. 1 लाख 68 हजार किमी झालेत. आत दोन बेड, ओटा, छोटा फ्रिज, मागे टॉयलेट. हंपी, दांडेली, गोकर्ण, सगळं तळकोकण हिच्यातूनच केलं, सासूबाईंना शेवटचं पंढरपूर हिच्यातूनच घडलं, वाटेत त्यांना पाठ टेकायला मिळाली म्हणून तर त्या येऊ शकल्या. वर्षाला 30-35 रात्री आम्ही गाडीत असतो.

तर यंदाच्या पावसात मागच्या बेडमागची भिंत फुगली, आत हात लावला की ओल लागते आणि कुबट वास काही जात नाही. टॉयलेटच्या दारासमोरची जमीन पाय ठेवला की दबते. मागच्या पायरीखालचा पत्रा सडलाय. बॅटऱ्या रात्र काढत नाहीत. चोर्ला घाट चढताना टेम्परेचरचा काटा वर जायला लागलाय, क्लच जड झालाय. बाकी इंजिन अजून पहिल्या सेल्फला सुरू होतं.

एका बॉडीवाल्याने वरवर बघून 4 लाख 10 हजार सांगितले. दुसरा म्हणाला हिच्यात पैसे घालू नका, नवीन गाडीवर 28 लाखात सगळं करून देतो. आणि मार्चमध्ये 15 वर्षं पूर्ण होतायत, रजिस्ट्रेशन रिन्यू करायचंय. मिस्टर 64चे आहेत, ते म्हणतात एकदाच काय ते नवीन घेऊ. मला हिला सोडवत नाही, पण नुसत्या मायेपोटी 4 लाख घालणंही पटत नाही. कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

डिझेल_म्हापसा

ताई, इंजिनाची काळजी सगळ्यात शेवटी करा. ट्रॅव्हलर 1987 पासून रस्त्यावर आहे, तेव्हा कंपनी बजाज टेम्पो होती, 2005 मध्ये फोर्स मोटर्स झाली, आणि तुमच्या वेळचं 2.6 लिटरचं इंजिन मर्सिडीजच्या ओएम 616 वरून आलेलं. आपल्या गोव्यात टुरिस्टांच्या किती ट्रॅव्हलर फिरतात बघा, म्हापसा मडगाव कुठेही पार्ट मिळतो आणि हात बसलेला मिस्त्रीही मिळतो. घाटात काटा चढतो तर आधी रेडिएटर बाहेर काढून रॉडिंग, म्हणजे सळीने नळ्या साफ करून घ्या, थर्मोस्टॅट बदला, फॅनचा बेल्ट आणि क्लच बघा. दहात आठ वेळा तिथेच मिटतं. क्लच प्लेट प्रेशर प्लेट बेअरिंग एकदमच बदला, तेवढ्यासाठी गिअरबॉक्स दोनदा उतरवू नका. हा खर्च काही हजारांतला आहे, गाडी काढण्याचं कारण नव्हे.

पण खाली वाकून बघितलं का कोणी? बॉडीवाले वरूनच हिशोब सांगतात. गाडी रॅम्पवर चढवा आणि मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन चेसिसची, म्हणजे खालच्या सांगाड्याची लांब मेंबरं, आडवी मेंबरं, सस्पेन्शनच्या पाट्यांचे हँगर जिथे बसतात त्या जागा एकेक ठोकत जा. टण आवाज आला तर बरं, भद आला किंवा टोक आत गेलं तर ते वरून रंग मारून झाकलेलं असतं. मोरजी पाळोळेला वाळूत उभी करून तशीच घरी आणून ठेवली असेल तर खारं आतून खातं. पायरीचा पत्रा सडला ते काही नाही, तो पत्राच आहे, कापून नवा लावतात. पण पाट्याचा हँगर जिथे बसतो तिथे सडलं असेल तर मी माझ्या घरच्यांना त्या गाडीत बसवणार नाही, मग आत कितीही सुंदर असो.

आणि टायर बघा. बाजूला शेवटचे चार आकडे असतात, 2318 म्हणजे 2018चा 23वा आठवडा. कॅम्परचे टायर झिजत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात, त्यामुळे नक्षी बघून लोक फसतात. 6 वर्षांवर गेले असतील तर दरवर्षी तपासायचे आणि 10च्या पुढे कसेही दिसत असले तरी चालवायचे नाहीत.

वाडी_ते_वेंगुर्ला

मी यातून गेलोय आणि चुकीच्या क्रमाने गेलोय म्हणून सविस्तर लिहितो, वाचायला कंटाळा आला तरी वाचा.

माझीही जुनी कॅम्पर होती, भिंत फुगली तर मी भिंत बदलली. नवं प्लाय, वर लॅमिनेट, नव्या गाद्या, घरात सगळे खूश. पुढच्या मिरगाला पहिला जोराचा पाऊस पडला आणि तीच भिंत परत ओली, कारण पाणी भिंतीतून येतच नव्हतं, छताच्या व्हेंटच्या कडेने शिरून छताच्या आतल्या आत पाच फूट मागे वाहत जाऊन तिथे उतरत होतं. जिथे ओल दिसते तिथेच गळती असते हा समज डोक्यातून काढून टाका. माझे दीड लाख वाया गेले, आणि ते पैसे मी मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी बाजूला काढलेले होते, अजून ते आठवलं की रात्री झोप लागत नाही.

तर क्रम असा की आधी छत. वर चढून प्रत्येक भोक बघा, फॅन, सोलर पॅनलचे पाय, अँटेना, कॅरियरचे बोल्ट, कडेच्या पट्ट्या. बहुतेकांनी वर्षानुवर्षं सिलिकॉनवर सिलिकॉन फासलेलं असतं, ते सगळं खरवडून काढल्याशिवाय वर काहीही चिकटत नाही, सिलिकॉनवर नवं सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही. मग फ्लँजखाली, म्हणजे व्हेंटच्या कडेच्या पट्टीखाली, ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट. वेळखाऊ काम आहे, कामगार टाळतात, आपण उभं राहून करून घ्यायचं.

ओल मोजायचं छोटं मीटर मिळतं, घ्याच. लाकडात 15 टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, 20च्या वर गेलं की आत कुजणं सुरू. पण आपल्याकडे पावसाळ्यात सगळं घरच सर्द असतं म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका, त्याच गाडीतली कोरडी जागा, म्हणजे ड्रायव्हरमागचं कपाट वगैरे, आधी मोजा आणि मग संशयाची जागा मोजा, फरक किती तो महत्त्वाचा. आत्ता हवा कोरडी होतेय तर आता घेतलेलं मोजमाप खरं सांगेल. खडूने भिंतीवर आकडे लिहीत गेलात तर ओल कुठून कुठे गेली त्याचा नकाशाच दिसतो.

प्लाय नवं घालणार असाल तर मरीनच, शिक्का आयएस 710 असलेलं. आयएस 303चं घरातल्या फर्निचरला ठीक, गाडीच्या जमिनीला नको.

आणि पावसाळ्यात ताडपत्री घट्ट गुंडाळून ठेवत असाल तर ते बंद करा. आत हवा कोंडून जेवढी सडते तेवढी पावसाने सडत नाही. वर पत्र्याची शेड, चारही बाजू मोकळ्या, आणि उन्हाचा दिवस मिळाला की दारं खिडक्या उघडून ठेवायच्या.

फोंड्याची_वाटसरू

दादा, अगदी तसंच झालं असणार, कारण छताचा फॅन बरोबर मधोमध आहे आणि ओल मागे. आणि हो, ताडपत्रीच बांधतो आम्ही, दोन्ही बाजूंनी दोरीने आवळून. बॅटऱ्यांचं पण विचारायचं होतं, आमच्याकडे घरच्या इन्व्हर्टरच्या दोन ट्यूब्युलर लेड अ‍ॅसिड 150 एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमता) आहेत बेडखाली, तो बॉडीवाला लिथियम लावा म्हणतोय, फायदा आहे का?

डिझेल_म्हापसा

बेडखाली? ताई त्या आधी बाहेर काढा. चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, बंद जागेत झोपता त्याखाली ते नको. वजनही बघा, एकेक 50 किलोच्या वर आहे. लेड अ‍ॅसिड निम्म्यापर्यंतच उतरवायची असते, म्हणजे 150ची प्रत्यक्षात 75च वापरायची, त्याखाली रोज नेली की दोन तीन वर्षांत मरते, तुमच्या तशाच मेल्या. लिथियम फॉस्फेट 80-90 टक्के वापरता येते, 100 एएचची साधारण 12 किलोची असते आणि तिची चार्ज-डिस्चार्जची सायकल हजारोंत मोजतात. मात्र अल्टरनेटरवरून सरळ वायर जोडू देऊ नका, मध्ये डीसी-डीसी चार्जर हवाच, नाहीतर लिथियम एवढा करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळतो. आणि हे सगळं नव्या गाडीतही काढून नेता येतं, म्हणून हा खर्च रिपेअरच्या 4 लाखांत धरूच नका, वेगळा मांडा.

गॅसची नळीही बघा, आयएसआयची सुरक्षा नळीसुद्धा 5 वर्षांनी बदलायची असते. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साठतो, सिलेंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक आहे ना ते बघा. तुमची जमीन बदलायचीच आहे, नवीन घालताना ते भोक बुजवून टाकतात, डोळ्यांनी बघितलंय.

हिशोबी_मडगावकर

वहिनी, मी कागदांचं सांगतो कारण ते कोणी बोललंच नाही.

प्रायव्हेट गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं, नंतर फिटनेस होऊन 5-5 वर्षांनी रिन्यू होतं. फॉर्म 25, मुदत संपायच्या आधी 60 दिवसांच्या आत अर्ज घेतात, म्हणजे तुम्ही जानेवारीतच आरटीओत जा, मार्चच्या शेवटी धावाधाव नको. 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या कारची रिन्यूअल फी 600 वरून 5000 झाली, धक्का बसू नये म्हणून सांगतो. म्हणजे जे पैसे घालाल ते 5 वर्षांवर पसरून बघा. 4 लाख 10 हजार म्हणजे वर्षाला 82 हजार, तुमच्या 35 रात्रींवर रात्रीला साधारण 2350 रुपये. 28 लाख 10 वर्षांवर धरले तरी वर्षाला 2 लाख 80 हजार, रात्रीला 8000, व्याज आणि विमा वेगळा. अर्थात 10 वर्षांनी नव्या गाडीला काही किंमत येईल, हिला येणार नाही, पण तरी फरक मोठा आहे.

मधला मार्ग म्हणून कोणी 5 वर्षांची टुरिस्ट ट्रॅव्हलर घेऊन आतलं सगळं तिच्यात हलवा म्हणेल. ऐकायला बरं वाटतं. पण ती पिवळ्या पाटीची ट्रान्सपोर्ट गाडी असते, तिला प्रायव्हेट करायचं, कॅम्पर म्हणून बदल मंजूर करून आरसीवर चढवायचा, टॅक्सचा फरक भरायचा, आणि ती गाडी वर्षाला तुमच्या दसपट फिरलेली. माझ्या भावाने केलं, सहा महिने गाडी अंगणात उभी होती. तुमच्या आरसीवर कॅम्पर लिहिलेलं आहे ही तुमची मोठी जमा आहे, ती सहज सोडू नका.

मोडीत काढलीच तर रजिस्टर्ड स्क्रॅपिंग सेंटरमधूनच काढा, तिथून सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, केंद्राच्या धोरणात त्यावर नव्या प्रायव्हेट गाडीच्या टॅक्समध्ये 25 टक्क्यांपर्यंत सूट आहे. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिलीत तर गाडी तुमच्या नावावर तशीच राहते, पुढे तिचं काय होईल ते तुमच्या डोक्यावर.

काणकोणची_सांज

सगळं पटलं तरी एक विचारते, वहिनी, राग नको. चालवणार कोण? आम्ही दोघं गेल्या वर्षी थांबलो. गाडी ठणठणीत होती पण यांना जड क्लच आणि ताठ स्टिअरिंगने करमल घाटात गुडघा धरायचा, मग घरी येऊन चार दिवस शेक. विकली तेव्हा मी रडले, पण त्यांचं दुखणं थांबलं. मिस्टर नवीन म्हणतायत त्याच्या मागे हेच नाही ना, एकदा शांतपणे विचारा. पुरुष सरळ सांगत नाहीत.

फोंड्याची_वाटसरू

काणकोणच्या ताई, राग कसला, उलट देव बरें करूं. तुमचं वाचून रात्री जेवल्यावर विचारलं. खरंच तेच होतं. डावा गुडघा दुखतो, आणि रात्रीचं चालवायची आता भीती वाटते, हे त्यांनी मला दोन वर्षं सांगितलं नव्हतं. मी समजत होते त्यांना नवी गाडी हवी, त्यांना हलकी गाडी हवी होती.

काल गाडी ओळखीच्या गॅरेजमध्ये रॅम्पवर चढवली, दोन तास मीही स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली होते. लांब मेंबरं दोन्ही चांगली आहेत, टण टण वाजतात. पाट्यांचे हँगर चांगले. मागचं शेवटचं आडवं मेंबर डाव्या टोकाला गेलंय, टोक आत शिरलं, पण ते पायरीलाच लागून आहे आणि मिस्त्री म्हणाला तेवढा तुकडा कापून नवीन चॅनेल वेल्ड होईल. मीटर मागवलं, ड्रायव्हरमागे 13, बेडमागे 27, आणि फॅनच्या कडेला 29. खडूने लिहीत गेले तर वाडीच्या दादांनी सांगितलं तसाच फॅनपासून मागे पट्टा उमटला. टायर चारही 2016चे निघाले, म्हणजे गाडी घेतली तेव्हाचेच, आणि आम्ही त्यावर परवा चोर्ला उतरलो. बॅटऱ्या त्याच दिवशी बाहेर काढल्या.

तर आमचं असं ठरलंय. आधी क्लच आणि रेडिएटर, मग टायर, आणि गुडघ्याला क्लच सोसतो का ते बघायला फक्त अनमोड घाटापर्यंत जाऊन यायचं. मी पण शिकतेय चालवायला, लायसन्स आहे, मोठ्या गाडीचा हात नाही, धाकटा दीर रविवारी फर्मागुडीच्या मैदानात नेणार आहे. ते जमलं तर छत आणि मागची भिंत, आणि एकूण अडीच लाखांच्या वर जायचं नाही, छत उघडल्यावर आतल्या फ्रेमही गेलेल्या दिसल्या तर तिथेच थांबायचं आणि गाडी स्क्रॅपिंगला द्यायची, त्यावर दोघांचं एकमत झालंय. फ्रिज, ओटा आत्ता बदलायचा नाही, त्याच्या पैशांत जानेवारीची फिटनेस निघेल.

शनिवारी फॅन काढून छत खोलतोय. वाडीचे दादा, तुम्ही त्या बाजूला असाल तर खरंच या, जेवायलाच या, सोलकढी करते.

वाडी_ते_वेंगुर्ला

येतो. खरवडणी आणि हीट गन घेऊन येतो, तुम्ही फक्त तोपर्यंत पाणी मारून धुवू नका, गळतीच्या खुणा तशाच राहू देत.