मदत हवी आहे: बाटल्यांच्या सुरांवरून तिसरीत दोन पार्ट्या

सूर वर-खाली कशाने होतो हे मी न सांगता पोरांनाच शोधायला लावलंय. सारख्या सहा काचेच्या बाटल्या, कमी-जास्त पाणी. चमच्याने वाजवलं की जास्त पाणीवाली खालचा सूर देते हे त्यांनी पकडलं, तेवढ्यात एकीने तोंडाशी फुंकर मारली आणि सगळं उलटं, जास्त पाणी तर सूर वरचा! मला माहितीये की फुंकरीने आतली हवा थरथरते आणि चमच्याने काच नि पाणी, पण सांगून टाकलं तर मजाच गेली ना. स्ट्रॉच्या लहान-मोठ्या पिपाण्या करून झाल्या, बाटलीशी संबंध कुणीच लावला नाही. ३४ पोरं, ३५ मिनिटांचा तास, नेट नाही, पेटी नाही. 'थरथरतंय काय?' हे त्यांच्याच तोंडून यायला पुढे काय करायला देऊ?